सर्व्हरविरुद्धचा अर्ज

नबीलाल मणियारला मी तीस वर्षं ओळखतो आणि तो दमलेला नाही असा दिवस मला चटकन आठवत नाही. सकाळी नऊला शटर वर करतो तेव्हाही दमलेला आणि संध्याकाळी ओढून घेतो तेव्हाही. आजारी म्हणावा तर डॉक्टरची पायरी चढत नाही. आळशी म्हणावा तर दिवसाला साठ-सत्तर अर्ज भरतो. मी त्याला म्हणायचो, "अरे, तुला नुसतं बघून मला जांभई येते." त्यावर तो खरोखरच जांभई द्यायचा.

आमची दोघांची दुकानं नगर जिल्ह्यातल्या अकोल्यात, तहसील कचेरीच्या भिंतीला पाठ लावून. दुकानं कसली, खोकीच. माझं मुद्रांक विक्रीचं. खरं असो की खोटं, लिहिलं जातं माझ्याच कागदावर. मी फक्त नाव, गाव आणि कारण विचारतो, वहीत सही घेतो आणि शिक्का मारतो. दुसऱ्याच्या भानगडीत पडायचं नाही हा माझा धंद्याचा नियम. शेजारी नबीलालचं ऑनलाइन सेंटर. पूर्वी तो इथंच लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसायचा. मग टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, लिंबही रस्ता रुंद करताना गेला. नबीलाल तेवढा जागेवर राहिला.

त्याच्याबद्दल सांगायचं तर आधी त्याच्या फोनबद्दल सांगायला हवं. बटणांचा जुना फोन, त्याच्या बायकोनं, रोशनबी भाभींनी, शिवून दिलेल्या कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवलेला. भंडारदऱ्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या कितीतरी गावांतल्या पोरापोरींच्या अर्जावर 'मोबाईल नंबर' या रकान्यात हाच एक नंबर आहे. असं करू नये हे त्यालाही कळतं. पण सुरुवातीच्या एका वर्षी तीन मुलांची शिष्यवृत्ती बुडाली, कारण ओटीपी गेला तो नारायणगावला टोमॅटोच्या तोडणीला गेलेल्या भावाच्या खिशात. कुणाच्या गावात रेंज नाही, कुणी दर दिवाळीला सिम बदलतो, कुणाच्या घरात पाच माणसांत एक फोन. वैतागून नबीलालनं आपलाच नंबर टाकायला सुरुवात केली. निरोप आला की तो चिठ्ठी लिहायचा आणि राजूरकडं जाणाऱ्या जीपवाल्याच्या हातात द्यायचा. चिठ्ठी दिवस मावळायच्या आत डोंगरात पोचायची. ही पद्धत अकरा वर्षं चालली आणि एकदाही चुकली नाही.

पण त्या अकरा वर्षांत नबीलाल अकोल्याबाहेर मुक्कामाला म्हणून गेला नाही. एकुलती एक मुलगी सुमैरा, ती नगरला लागून असलेल्या भिंगारला दिलेली. एसटीनं चार तास. हा सकाळच्या गाडीनं जायचा, जेवायचा आणि ताटावरून उठून परतीची गाडी पकडायचा. शुक्रवारी नमाजाला जाताना फोन माझ्या टेबलावर ठेवायचा. मी मुद्रांकावर नावं घालता घालता आलेले निरोप चिठोऱ्यांवर उतरवून ठेवायचो. "ह्यांचा निकाह माझ्याशी कशाला लावला, त्या फोनशीच लावायचा हुता," असं भाभी म्हणायच्या. घरात ते दखनी बोलतात, मी आपलं मराठीत सांगतो.

तर अशा या माणसाकडं गेल्या वर्षी ज्ञानेश्वरी गभाले आली.

सहादेव आणि मालनबाई यांची ही थोरली. डोंगरात भाताची खाचरं, आणि सुट्टीच्या दिवसांत सहादेव धरणाकाठी मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांसाठी तंबू ठोकतो. पोरगी संगमनेरला वसतिगृहात राहून बीबीए करत होती. शेवटच्या वर्षाचा निकाल लागायच्या आधीच ती एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायला नबीलालच्या खोक्यात येऊन बसली. मला न विचारता सल्ला द्यायची खोड आहे. मी म्हटलं, "अगं, आधी वर्ष-दोन वर्षं नोकरी कर. चार माणसांत वावर. मग एमबीए कर, जास्त कळेल. एवढी घाई कशाला?"

"काका, आमचा सौदा ठरलाय," ती म्हणाली. "आबा म्हणाले, शिकायचं तर एका दमात शीक. मधी थांबलीस, घरी बसलीस, की लगीन. मी हो म्हटलंय."

"एक वर्षसुद्धा नाही?"

"एक वरीस बी न्हाई. आबा वाईट न्हाईत, पण त्यांना बी लोक विचारतात ना."

आमच्या तालुक्यात ज्याला इंग्रजीचं अक्षर येत नाही त्यालाही 'गॅप' हा शब्द येतो. गॅप पडला म्हणजे पोरगी घरी बसली, आणि घरी बसलेल्या पोरीचा पत्ता स्थळांना बरोबर सापडतो. नबीलालनं तिचा अर्ज भरला. मोबाईलच्या रकान्यात सवयीनं आपला नंबर टाकला.

परीक्षेत तिला चांगले मार्क पडले. मग कॉलेजांची यादी भरायची आली. तिनं पहिल्या क्रमांकावर पुण्यातलं एक कॉलेज टाकलं. नबीलालनं तिला दोनदा बजावून सांगितलं, "पहिल्या पसंतीचं लागलं तर ते घ्यावंच लागतं, बाई. ठरल्या मुदतीत हो म्हणायचं. न्हाई म्हटलं तर पुढच्या फेऱ्यांतनं नाव जातं." ती म्हणाली, "लागू तर द्या." ऑगस्ट उजाडला. यादी लागायची तारीख एकदा पुढं गेली, मग आणखी एकदा गेली, आणि मग 'सुधारित वेळापत्रक लवकरच' एवढंच वाचायला मिळू लागलं.

त्याच आठवड्यात सुमैराला दुसरी मुलगी झाली. या वेळी रोशनबी भाभी हटून बसल्या. तीन दिवस राहायचं, नाहीतर मी एकटी जाते आणि परत येत नाही. बुधवारी संध्याकाळी नबीलाल गळ्यातली पिशवी हातात घेऊन माझ्याकडं आला.

"भागवत, दोन-तीन दिस तुझ्यापाशी ठिवू का?"

आता इथं मला माझंच सांगायला हवं. त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती. शिवाय खरं सांगायचं तर मला त्या फोनचा वीट आला होता. शुक्रवारचा तास-दीड तास वेगळा, तीन दिवस वेगळे. मी म्हटलं, "मला नको तुझं ते लोढणं. यादी आत्ता कुठं लागतेय? बंद करून टाक आणि झोप काढ. तीन दिवसांत काही जग बुडत नाही."

त्यानं पिशवी पुन्हा गळ्यात अडकवली. मग म्हणाला, "बंद करू म्हणतोस?"

"कर म्हणतोय ना."

पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं. भिंगारला पोचल्यावर सुमैरानं त्याच्या गळ्यातली पिशवी काढून खुंटीला लावली. त्यानं उठून लाल बटण दाबून धरलं, पडदा काळा झालेला बघितला आणि आडवा झाला. तो उठला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. जेवला, नातीला मांडीवर घेतलं, पुन्हा झोपला. लष्कराच्या छावणीतल्या गाड्या जात-येत होत्या, बाजाराचा कालवा होता, पण याला कशाचीच जाग नाही. "तीन दिस मी नुसता झोपलो, भागवत," तो म्हणाला. "सुमैरा घाबरली, अब्बांना काय झालं म्हणून. मला एवढं बरं वाटत हुतं की त्येची लाज वाटली."

इकडं गुरुवारी यादी लागली. हो म्हणायला शनिवारी पाचपर्यंतची मुदत.

शनिवारी दुपारी बाराला ज्ञानेश्वरी धापा टाकत माझ्या खोक्यापुढं उभी. वसतिगृहातली तिची मैत्रीण रोहिणी, तिचा निरोप तिला सकाळी मिळाला होता. ती राजूरच्या सेंटरवर धावली, तिथं नाव बघितलं. पहिल्या पसंतीचं, पुण्याचंच कॉलेज लागलं होतं. हो म्हणायला ओटीपी हवा होता. ओटीपी गेला होता नबीलालच्या फोनवर, आणि फोन बंद. नबीलालचं शटर खाली.

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. भाभींचा किंवा सुमैराचा नंबर माझ्याकडं कधी नव्हताच. भिंगारला शोधायचा म्हटलं तर पत्ता काय? नगरला माझ्या ओळखीचा एक शिपाई आहे, त्याला पाठवलं. तो बाजारात तासभर मणियारांचं घर विचारत हिंडला. पण सुमैराच्या सासरचं आडनाव मणियार नाही. ते काय आहे, हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षं शेजारी बसतो आम्ही. तिच्या लग्नात मी पंगतीत वाढलंसुद्धा होतं.

ती माझ्या बाकड्यावर बसून राहिली. मी चहा मागवला, तो तिनं घेतला नाही. साडेचारला मी पुन्हा नंबर लावायला लागलो तर म्हणाली, "राहू द्या काका." पाच वाजले तेव्हा कचेरीतले कारकून बाहेर पडू लागले. तिनं कागद नीट एकावर एक लावले, पिशवीत घातले आणि विचारलं, "प्यायला पाणी हाय का?" तांब्याभर पाणी ती एका दमात प्याली आणि जीपकडं चालू लागली. फोन बंद करायला मी सांगितलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही.

रविवारी परत येताना संगमनेरच्या पुढं नबीलालनं फोन सुरू केला. अकोल्याच्या स्टँडवर उतरला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. सोमवारी सकाळी त्यानं जिथं जिथं नंबर होते तिथं तिथं फोन केले. फेरी संपली, असं उत्तर आलं. कॉलेजच्या स्वतःच्या कोट्यातून जागा मिळू शकत होती, पण तिथं शिष्यवृत्ती लागू नव्हती, म्हणजे तो रस्ता सहादेवच्या घरावरून जाणारा नव्हता. दुपारी नबीलाल जीपमध्ये बसला. मीही शटर ओढून त्याच्या शेजारी बसलो. त्याला वाटलं, मैत्रीखातर आलो.

गावाच्या फाट्यावर उतरलो तर ज्ञानेश्वरी उभी. आम्ही येणार हे तिनं धरलंच होतं.

"मी फोन बंद करून झोपलो हुतो, त्ये खरं तुझ्या आबांना सांगायला आलोय," नबीलाल म्हणाला. "पाय धरायला लागले तरी धरीन."

"न्हाई सांगायचं."

"म्हंजी?"

"सर्व्हर बंद हुता म्हणा."

ती बोलताना कुठंही अडखळत नव्हती, दोन रात्री तिनं हेच घोकलं असणार. "मला तुमचा राग आला न्हाई असं न्हाई, काका. लई आलाय. पण रागानं माझं काय हुणार? तुमचा फोन बंद हुता म्हटलं तर आबा म्हणतील, बघ, आपल्या शिक्षणाची दोरी दुसऱ्याच्या हातात, पुरे झालं. सर्व्हर बंद हुता म्हटलं तर ती वरच्यांची चूक. वरच्यांच्या चुकीपायी आबा एक वरीस थांबतील. तेवढंच मला पायजे."

"अगं, पण मी खोटं..."

"तुमी झोपला हुता ना? मग आता एवढं करा."

एवढं तोडून बोलणं तिचं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. नबीलालनं मान खाली घातली आणि आम्ही घराकडं निघालो. ओसरीवर बसून तो सहादेवला म्हणाला, "सर्व्हर बंद हुता, सहादेवभाऊ." सहादेवनं सगळं ऐकून घेतलं. सर्व्हर म्हणजे काय ते विचारलं. मग त्या सर्व्हरला अशा काही शिव्या घातल्या की मालनबाईंनी आतून खाकरून दाखवलं. शेवटी नबीलालच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुमी का तोंड पाडून बसलाय, नबीलालभाई? तुमचा काय दोष त्यात? एवढं लांब सांगायला आला, कोण येतं?" आणि निघताना त्यानं घरच्या काळभात तांदळाची पायलीभर पिशवी त्याच्या हातात कोंबली. जीपमध्ये नबीलाल ती पिशवी अकोल्यापर्यंत मांडीवर घेऊन बसला.

वाटलं, संपलं. कसलं संपतंय! आठ दिवसांनी सहादेव धुवट सदरा घालून हजर.

"अर्ज लिवायचा," तो म्हणाला.

"कशाचा?"

"सर्व्हरच्या विरोधात. असं कसं बंद पडतंय? पोरीचं वरीस गेलं. विचारायला नको?"

मी तोंड फिरवून हसू दाबलं. नबीलालला ते जमणार नव्हतं. त्यानं मुकाट्यानं टाईप केलं: विषय, सर्व्हर बंद राहिल्याने मुलीचे शैक्षणिक वर्ष वाया गेल्याबाबत. सहादेवनं प्रत्येक ओळ वाचून घेतली, चौथीपर्यंतच्या अक्षरांत सावकाश सही केली आणि विचारलं, "आता ह्यो वर धाडायचा ना?" नबीलाल म्हणाला, "धाडतो." तो गेल्यावर नबीलालनं अर्ज घडी घालून टेबलाच्या खणात ठेवला. मी म्हटलं, "अरे, फाडून टाक." तो म्हणाला, "सही हाय त्येची त्यावर."

तिथून पुढं दर महिन्याला बाजारच्या दिवशी सहादेव यायचा.

"काय झालं आपल्या अर्जाचं?"

"वर गेलाय."

"किती वर?"

"बराच वर, सहादेवभाऊ."

आणि सहादेव समाधानानं मान हलवायचा. एवढंच नाही, तर तो गावात, पाहुण्यांत, तंबूत उतरलेल्या पुण्याच्या माणसांतसुद्धा सांगायचा की आमच्या पोरीचं प्रकरण वर चालू आहे. दिवाळीत स्थळं आली. त्यानं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं, "अर्जाचा निकाल लागू द्या, मग बघू." म्हणजे पोरीचा हिशेब बरोबर निघाला. तिनं ते वर्ष राजूरला काढलं. तिथं बायकांचा एक बचत गट हातसडीचा तांदूळ पिशव्यांत भरून पुण्याला पाठवतो, त्याचं लिहिण्या-पाठवण्याचं काम तिच्याकडं होतं. पुढच्या परीक्षेचा अभ्यासही चालू होता.

नबीलाल मात्र त्या वर्षात दहा वर्षांनी म्हातारा झाला. फोन आता झोपतानाही उशाला. दोनदा उठून बघतो म्हणे, पडदा उजळतो की नाही. भिंगारला पुन्हा गेला नाही. नात पालथी पडायला लागली ती त्यानं व्हिडिओतच पाहिली, तीही भाभींच्या फोनवर. बाजारच्या दिवशी सकाळपासून तो रस्त्याकडं बघत बसायचा. मी त्याला एकदा म्हटलं, "चल, सहादेवला सांगून मोकळा हो." तो म्हणाला, "पोरीला शबूद दिलाय." मला तेव्हा त्याची कीव आली आणि स्वतःची शरम वाटली. पण दाढ कधीच बरी झाली होती आणि माझं बोलणं तसंच राहून गेलं होतं.

यंदा जुलैत भाताची आवणी उरकून बापलेक आले. सहादेवच्या नखांत अजून चिखल होता. ज्ञानेश्वरीला गेल्या वर्षीपेक्षा चांगले मार्क होते. नबीलालनं प्रवेशाचा नवा अर्ज उघडला, नाव घातलं, जिल्ह्याच्या बदललेल्या नावापाशी थबकला, नवं नाव निवडलं, आणि मोबाईलच्या रकान्यात त्याची बोटं आपोआप चालू लागली.

"काका," ती म्हणाली, "माझा टाका."

तिनं नवा फोन टेबलावर ठेवला. त्यानं तिचा नंबर घातला. पुढच्या घटकेला तिचा फोन वाजला आणि नबीलालचा हात छातीवरच्या पिशवीकडं गेला. मी हसलो. तो हसला नाही.

मग राहिलं गॅपचं प्रतिज्ञापत्र. शिक्षणात मधे वर्ष गेलं तर ते का गेलं, हे शपथेवर लिहून द्यावं लागतं, खाली पालकाची सही. मी कागद काढून दिला. नबीलालचं यासाठी एक वाक्य ठरलेलं आहे. तालुक्यातल्या झाडून सगळ्या गॅपांना त्यानं तेच लावलं आहे: 'घरगुती अडचणीमुळे प्रवेश घेता आला नाही.' तो ते टाईप करायला लागला तसा सहादेव पुढं वाकून वाचू लागला.

"घरगुती का म्हणून? आमच्या घरात कसली अडचण हुती? सर्व्हर लिवा. आन् आपल्या त्या अर्जाचा नंबर टाका खाली. म्हंजी त्येंना बी कळंल, आमी गप बसलो न्हाई."

नबीलालची बोटं थांबली.

"आबा, नंबर लागत न्हाई त्यात," ज्ञानेश्वरी घाईनं म्हणाली.

"न लागू दे. आपल्यापाशी हाय तर द्यायला काय जातंय?"

तीस वर्षं नबीलालनं लोकांनी सांगितलेलं खोटं लोकांच्या नावानं टाईप केलं असेल. पण स्वतःच्या मनानं एखादा नंबर रचून शपथेच्या कागदावर घालणं त्याच्यानं होणारं नव्हतं. तो खुर्चीतून उठला. खण ओढला. घडीचा कागद काढून सहादेवच्या पुढ्यात ठेवला.

"ह्यो कुठंच गेला न्हाई, सहादेवभाऊ. सर्व्हर चालू हुता. माझा फोन बंद हुता. मी लेकीकडं भिंगारला झोपलो हुतो. बंद मीच केला हुता."

सहादेवनं कागद उलगडला. स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं. मग माझ्याकडं बघितलं. "तुमाला ठावं हुतं?"

"होतं," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. बंद कर म्हणणारा मी, हे तेव्हा तोंडातून निघालं नाही. नबीलालनंही माझं नाव घेतलं नाही. म्हणून तर आज इतकं लिहीत बसलोय.

"आन् तुला गं?"

"व्हय," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मीच सांगितलं त्यांना खोटं बोलायला."

"का?"

"खरं सांगितलं असतं तर तुमी माझं लगीन लावलं असतं."

मला वाटलं, आता हा ओरडणार. पोरीच्या दंडाला धरून जीपमध्ये घालणार. तिलाही तेच वाटलं असावं, कारण तिनं खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. नबीलाल टेबलापलीकडं उभाच होता, गुन्हेगारासारखा. बाहेर कुणीतरी सातबाऱ्याचं विचारायला आलं, त्याला मी हातानंच नंतर ये म्हटलं.

सहादेवनं अर्ज जुन्या घड्यांवर पुन्हा दुमडला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. "वरीसभर गावाला सांगत फिरलो," तो म्हणाला. "वर गेलाय, वर गेलाय. येड्यागत." मग पोरीकडं न बघता म्हणाला, "लावलं असतं. खोटं कशाला बोलू? त्या दिवाळीलाच लावलं असतं. पलीकडच्या खोऱ्यातलं एक स्थळ हुतं, मी मनातनं हो बी म्हटलं हुतं."

ज्ञानेश्वरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या वर्षभरात मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, त्या शनिवारीसुद्धा नाही.

नबीलाल हळूच खाली बसला. "मग काय लिहू, सहादेवभाऊ? माझा फोन बंद हुता म्हणून लिहू?"

"न्हाई," सहादेव म्हणाला. "तुमी सगळ्यांचं लिवता त्येच लिवा. अडचण घरातच हुती."

नबीलालनं वाक्य पुरं केलं, कागद छापून निघाला. सहादेवनं खाली चौथीच्या अक्षरात सही केली आणि पेन लेकीच्या हातात दिलं. मी माझी वही उघडून नाव लिहिलं, गाव लिहिलं. कारण या खेपेला मला विचारावं लागलं नाही.